पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची दृष्टी : चष्मा किती देतो, किती देत नाही

आपल्या समाजाच्या उन्नतीत पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. ज्यांच्यामुळे आपल्या पिढ्या वाचू लागल्या, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना उत्तरायुष्यात मधुमेहाने ग्रासले होते. दृष्टीही क्षीण झाली होती. १९५४ साली प्रकृतीमुळे त्यांना काही महिने अंथरुणावर काढावे लागले. त्या काळी लेसरचा शोधही लागलेला नव्हता. आज मधुमेहाने बिघडलेल्या किंवा जागेवरून सुटलेल्या पडद्यावर नागपूरसारख्या शहरात नित्य शस्त्रक्रिया होतात. तरीही ‘ऑपरेशन झाले, पण दिसत नाही’ असे म्हणून अनेक रुग्ण तपासणीला जाणे सोडून देतात. त्यांच्यापैकी काहींची हरवलेली दृष्टी योग्य चष्म्याने मिळण्यासारखी असते. म्हणूनच हा विषय पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा.

धूसरपणा दोन प्रकारचा

डोळ्याच्या पुढच्या भागातील पारदर्शक बुबुळ व भिंग प्रकाश एकत्र आणतात आणि मागचा पडदा तो ग्रहण करून मेंदूकडे पाठवितो. प्रकाश नेमका पडद्यावर एकत्र होत नसेल, तर तो दोष नंबराचा असतो व चष्म्याने दूर होतो. मात्र पडद्याचा मध्यबिंदू दुखावला असेल, सरळ रेषा वाकड्या दिसत असतील, तर कितीही महाग काच घेतली तरी ती इजा भरून निघत नाही.

हा भेद ओळखण्याची एक साधी रीत आहे. जाड कागदाला टाचणीने बारीक छिद्र पाडावे, दुसरा डोळा न दाबता झाकावा आणि छिद्रातून समोरच्या भिंतीवरील दिनदर्शिका पाहावी. अक्षरे अधिक स्पष्ट झाली, तर धूसरपणाचा काही भाग नंबराचा आहे असे समजावे. डॉक्टरही याच तत्त्वाची चाचणी घेतात. घरचा प्रयोग तपासणीची जागा घेत नाही. मात्र डॉक्टरांना काय विचारावे, हे त्याने कळते.

नंबर का बदलतो?

सुटलेला पडदा बसविण्यासाठी काही वेळा डोळ्याभोवती बाहेरून सिलिकॉनचा पट्टा आवळतात. त्यामुळे डोळ्याची लांबी वाढते व उणे नंबर बहुधा १ ते ३ ने वाढतो.

दुसऱ्या पद्धतीत डोळ्यातील जेल काढून तेथे गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. गॅस असेपर्यंत दृष्टी अगदी अंधूक असते. तो विरत जातो तसे वरून खाली दिसू लागते. या काळात विमानप्रवास पूर्ण वर्ज्य आहे, कारण उंचीवर गॅस फुगून डोळ्यातील दाब धोकादायकरीत्या वाढतो. चिखलदऱ्यासारख्या उंच ठिकाणी जाण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. तेल भरलेल्या डोळ्यात नैसर्गिक भिंग असेल, तर सुमारे अधिक ५ ते ६ नंबर तात्पुरता येतो. तेल काढल्यावर तो पुन्हा बदलतो.

तिसरे कारण मोतीबिंदू. जेल काढल्यानंतर, विशेषतः पन्नाशीपुढील रुग्णांत, बहुधा दोन वर्षांच्या आत मोतीबिंदू वाढतो. शस्त्रक्रिया फसली असा त्याचा अर्थ नव्हे.

पर्याय आणि त्यांची वेळ

शस्त्रक्रियेनंतर घाईने केलेला चष्मा अनेकदा वाया जातो. नंबर स्थिर होण्यास साधारण दोन ते तीन महिने लागतात. दोन तपासण्यांत नंबर सारखा आला की कायमचा चष्मा करावा. तोवर काम अडत असेल, तर साधा, स्वस्त चष्मा पुरेसा आहे.

दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत ३ ते ४ पेक्षा अधिक फरक असला, तर चष्म्यातून दोन आकारांच्या प्रतिमा दिसतात व डोके दुखते. अशा वेळी कॉन्टॅक्ट लेन्स उपयोगी पडते. पण कापसाच्या शेतातील धूळ आणि स्वच्छ पाण्याची अडचण लक्षात घेता ती प्रत्येकाला झेपेलच असे नाही. पट्ट्यामुळे एकाची दोन दृश्ये दिसत असतील, तर प्रिझमची काच मदत करते.

मोतीबिंदूच्या वेळी बसविण्याच्या भिंगाची शक्ती दुसऱ्या डोळ्याशी जुळवून निवडता येते; ही संधी दवडू नये. दुखावलेल्या पडद्यासाठी अनेक अंतरांची महाग भिंगे सहसा योग्य नसतात. तेथे एकाच अंतराचे साधे भिंग अधिक स्पष्टता देते. नंबर घालविण्याची लेसर शस्त्रक्रिया पडद्याच्या तज्ज्ञांच्या संमतीशिवाय करू नये. तिने चष्मा सुटला तरी डोळ्याची लांबी व पडद्याचा कमकुवतपणा तसाच राहतो.

चष्मा पुरेसा नसेल तर

भिंगकाच, ठळक अक्षरे, पानावर बाजूने येणारा प्रकाश, भ्रमणध्वनीवरील मोठा मजकूर व वाचून दाखविण्याची सोय यांनी वाचन सुरू राहू शकते. दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या बाकावर बसवावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे. पात्र विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक व वाढीव वेळ मिळतो. त्यासाठी प्रमाणपत्र वेळेत काढावे.

एकाच डोळ्याने नीट दिसत असेल, तर नंबर नसला तरी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचेचा चष्मा वापरावा. पऱ्हाट्या काढताना, लाकूड फोडताना उरलेला डोळा जपणे फार महत्त्वाचे आहे. अचानक प्रकाशाच्या ठिणग्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पहिली तपासणी होऊ शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. शस्त्रक्रियेचा कागद, बसविलेल्या भिंगाचे कार्ड व जुने नंबर एका पिशवीत जपून ठेवावेत आणि प्रत्येक भेटीत सोबत न्यावेत. मधुमेह असणाऱ्यांनी डोळा दुखत नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. आपल्या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज शहरात स्थिरावले आहेत, त्यांनी गावाकडच्या वडीलधाऱ्यांपैकी निदान एकाला या तपासणीस स्वतः घेऊन जावे, ही नम्र विनंती.