पहिली धार

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतून दोन घाट वर चढतात. कसाऱ्याचा थळ घाट चढलं की इगतपुरी आणि पुढे नाशिक. मुरबाडहून सरळगाव, टोकावडे करत माळशेज चढलं की मढ, ओतूर आणि नारायणगाव. महाराष्ट्रातल्या वाइनचा आधुनिक इतिहास याच दोन घाटांच्या माथ्यावर घडला. वर द्राक्षांचा हंगाम सरत येतो, तेव्हा घाटाखाली मोह गळायला लागतो. फाल्गुन-चैत्रातल्या पहाटे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या दिसतात. एकाच मोसमातली ही दोन पिकं, पण त्यांचं नशीब इतकं वेगळं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

आधी नारायणगाव. 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी पायपर-हाइडसिक या फ्रेंच शॅम्पेन घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेऊन इथे फेसाळ वाइन करायला घेतली. कंपनीचं नावच होतं शॅम्पेन इंडाज. तिची ‘ओमर खय्याम’ युरोपच्या बाजारात गेली. पुढे कंपनी कर्जात बुडाली, पण जुन्नर तालुक्यात अशी वाइन होऊ शकते, हे सिद्ध झालं होतं. थळ घाटाच्या माथ्यावर, नाशिकला, राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून, अमेरिकेत नोकरी करून परतले. केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियाच्या वाइनतज्ज्ञाला त्यांनी हाताशी घेतलं, आणि 2000 साली त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. अबकारी सवलती मिळाल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले. यॉर्क वायनरीचे कैलास गुरनानी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला हे शास्त्र शिकून आले. मुंबईच्या सोनल हॉलंड 2016 मध्ये भारतातल्या पहिल्या ‘मास्टर ऑफ वाइन’ झाल्या. ती परीक्षा 1953 साली लंडनमध्ये सुरू झाली. नाव झाकलेल्या छत्तीस वाइन, बारा-बाराच्या तीन बैठकांत, फक्त चाखून ओळखायच्या आणि प्रत्येक उत्तराचं कारण लिहायचं.

परदेशात वाइनचा व्यापार शिकणाऱ्या मुलाला शॅम्पेनच्या चाखणीत जे शिकवतात, त्यात पिण्याचा भाग फार थोडा असतो. घोट तोंडात घोळवून थुंकायचा आणि लगेच वहीत नोंद करायची. बुडबुडे किती बारीक आहेत, आंबटपणा जिभेच्या कडांवर किती वेळ राहतो, वास कशाचा येतो. जुन्या शॅम्पेनला भाजलेल्या पावाचा वास येतो. साखर आणि यीस्ट घालून बंद केलेल्या बाटलीतच ती दुसऱ्यांदा आंबते, आणि मेलेलं यीस्ट तळाशी महिनोन् महिने पडून असतं, त्याचा हा वास. साध्या शॅम्पेनलाही कायद्याने किमान पंधरा महिने तळघरात ठेवावं लागतं. बाटलीतला दाब सहा वातावरणांच्या आसपास जातो. गाळ मानेशी आणण्यासाठी बाटल्या तिरक्या भोकांत उलट्या लावून रोज थोड्या फिरवायची युक्ती क्लिको घराण्याच्या विधवा मालकीणबाईंच्या तळघरात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. नवरा गेला तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो दाबयंत्राचा नियम. 4,000 किलो द्राक्षांतून 2,550 लिटरच रस घ्यायचा, वर एक थेंब नाही. त्यातला पहिला 2,050 लिटर तो ‘क्युव्हे’, उत्तम. नंतरचा 500 लिटर ‘ताय’, दुय्यम. हे वाचताना आपल्याकडचा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही: पहिल्या धारेची. सुकलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. फुलं भिजवून आंबवायची, भट्टीवर चढवायची आणि वाफ थंड करून थेंब धरायचे. कोणता थेंब केव्हाचा, हे गाळणाऱ्याला पक्कं कळतं. शास्त्र मात्र इथे एक पाऊल पुढे जाऊन सांगतं की अगदी सुरुवातीचा थोडा भाग टाकूनच द्यावा, कारण लवकर उडणारी घातक द्रव्यं त्यातच जास्त येतात. ज्ञान दोन्हीकडे आहे. ते लिहून, मोजून, तपासून घेण्याची सोय एकाच बाजूला झाली.

याचं मूळ कायद्यात सापडतं. 1911 मध्ये बाहेरची द्राक्षं आणून शॅम्पेन करणाऱ्यांविरुद्ध फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या आय गावात शेतकऱ्यांनी दंगल केली, तळघरं फोडली. त्या भांडणातून शेवटी 1927 च्या कायद्याने शॅम्पेनच्या भूमीची हद्द आखून दिली. आमच्याकडे त्याआधीच, 1892 मध्ये, मुंबई सरकारने मोहफुलांचा कायदा केला होता, तोही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. दारूच नव्हे, फूल बाळगण्यावरच निर्बंध आले. टंचाईत जे उकडून, भाजून खाल्लं जाई, ते घरात सापडणं संशयाचं ठरलं. अबकारी महसूल वाचवणं हा हेतू उघड होता. 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरचं नियंत्रण राहिलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आदिवासींना दिली, आणि 2021 मध्ये राज्याने फुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले.

हातभट्टीने उद्ध्वस्त झालेली घरं या तालुक्यांतही आहेत. उभी बाटली की आडवी बाटली, या दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बायांचा राग मला पूर्ण मान्य आहे. पण चोरून गाळलेल्या दारूत काय मिसळलंय हे कोणी तपासत नाही, आणि ती विषारी ठरते तेव्हा मरतो तो गरीबच. शेजारच्या गोव्याने काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं, 2016 मध्ये तिला वारसा पेय म्हटलं. तीही गावठी भट्टीवरचीच होती.

चाखणीच्या वर्गात वासांची यादी देतात. तीत लिची असते, गूजबेरी असते. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या मुलीला ती फळं आधी विकत घेऊन हुंगावी लागतील. करवंद, जांभूळ, उंबर तिला डोळे मिटून ओळखता येतात. आणि पहाटे गळलेलं, दवाने ओलं मोहाचं फूल दुपारपर्यंत उन्हात तापलं की त्याचा वास कसा बदलतो, हे तिच्या आजीला विचारावं. त्या वासाला अजून कुठल्याच यादीत रकाना नाही.