वेग आणि पिवळा झेंडा
हौशी मोटारचालकाचे शर्यतीतील तीन दिवस

शर्यत आपल्या लोकांना नवी नाही. विदर्भात शंकरपट भरतात, पश्चिम महाराष्ट्रात बैलगाड्या पळतात, जत्रेत सायकलींची शर्यत लागते. पण मोटारींची शर्यत म्हटली की ती श्रीमंतांची आणि परदेशातली, असे आपण धरून चालतो. नोकरी करणारा, महिन्याचे हप्ते भरणारा माणूसही शनिवार-रविवारी शर्यतीच्या मोटारीत बसतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. असे हौशी चालक आपल्या देशात आहेत. मुंबईच्या स्नेहा शर्मा यांनी तर वैमानिकाची नोकरी सांभाळून शर्यतीची मोटार चालविली.

आमच्या परिचयाचा एक तरुण पुण्याजवळच्या कारखान्यात नोकरीला आहे. दोन वर्षे पैसे साठवून तो नवोदितांच्या शर्यतीत उतरला, तेव्हा आम्हीही त्याच्याबरोबर गेलो. तीन दिवसांत जे पाहिले ते वाचकांपुढे, विशेषतः ज्यांच्या घरी वेगाचे वेड असलेली मुले आहेत अशा आईवडिलांपुढे, ठेवावेसे वाटते.

मैदान आणि मोटार

तामिळनाडूत कोइम्बतूरजवळ चेट्टीपालयम येथे कारी मोटर स्पीडवे हे मैदान आहे. ते २००३ साली सुरू झाले. डावी-उजवी वळणे घेत जाणारा हा रस्ता सुमारे २.१ किलोमीटरचा आहे. भारतात परवडणाऱ्या शर्यतीच्या मोटारी तयार करणारे कोइम्बतूरचे एस. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. त्यांचे नाव या मैदानाला दिले आहे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथील मैदान याहून जुने, १९९० सालचे, आणि सुमारे ३.७ किलोमीटरचे आहे. ग्रेटर नोएडाच्या ‘बुद्ध इंटरनॅशनल सर्किट’विषयी आमच्या वाचकांना कुतूहल असणार. ते मैदान गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे. तेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली.

नवोदितांची मोटार एका माणसापुरती असते. चाके उघडी, डोक्यावर छप्पर नाही, आणि पाठीमागे मारुतीचे १३०० सीसीचे इंजिन. मोटार संघाच्या मालकीची असते. चालक ठरलेले पैसे भरून त्या तीन दिवसांपुरता तिच्यात बसतो. त्याला मोटार क्रीडा महासंघाचा स्पर्धेचा परवाना आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. रस्त्यावर गाडी चालविण्याचा परवाना तेथे पुरत नाही.

शुक्रवार : तपासणीचा दिवस

आम्हाला वाटले होते की पोहोचताच मोटारी धावताना दिसतील. पहिला अर्धा दिवस तपासणीतच गेला. तपासनीस मोटारीचे पट्टे ओढून पाहत होते, आग विझविण्याचे नळकांडे पाहत होते, इंजिन बाहेरून बंद करण्याचे बटण दाबून बघत होते. मग चालकाचे हेल्मेट, आग सहन करणारा अंगरखा, हातमोजे आणि बूट यांची पाळी आली.

खांद्यावर बसणारी आणि हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली एक चौकट आम्ही प्रथमच पाहिली. तिला ‘हान्स’ म्हणतात. मोटार धडकली की शरीर पट्ट्यांमुळे जागीच राहते, पण डोके पुढे फेकले जाते आणि मानेच्या वरचे हाड तुटते. ही चौकट डोक्याला आवरून धरते. अमेरिकेतील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी चालक जिम डाऊनिंग यांच्याबरोबर १९८० च्या दशकात ती तयार केली. फॉर्म्युला वनमध्ये ती सक्तीची व्हायला मात्र २००३ साल उजाडले.

दुपारी सरावाच्या फेऱ्या झाल्या. संघाचा मेकॅनिक, ज्याला सगळे अण्णा म्हणत, आमच्या तरुणाला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होता, “पहिले ब्रेक, बाद में स्टिअरिंग.” त्यामागचे शास्त्र सोपे आहे. टायरची पकड ठरावीक असते. ती सगळी ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. म्हणून सरळ रस्त्यावरच वेग कमी करायचा, बाहेरच्या कडेने वळणात शिरायचे, आतल्या कडेला जवळजवळ शिवायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचे. वळणात हळू शिरणारा चालक बाहेर पडताना पुढे असतो, हे नव्या पोरांना पटत नाही.

शनिवार : पिवळा झेंडा

शर्यतीत कोणी कोठून सुटायचे हे शनिवारच्या फेऱ्यांवरून ठरते. ज्याची एक फेरी सर्वांत कमी वेळात, तो सर्वांत पुढे. आमचा तरुण चांगला चालला होता. इतक्यात एका वळणावर एक मोटार मातीत जाऊन अडकली आणि तेथील झेंडेवाल्याने पिवळा झेंडा हलविला. याचा अर्थ, पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणालाही मागे टाकू नका. आमच्या तरुणाने त्याच ठिकाणी एका मोटारीला मागे टाकले.

पंचांनी बोलावून घेतले. त्याने सांगितले, “झेंडा दिसला नाही.” पंचांनी शांतपणे विचारले, “झेंडा दिसला नाही, तर त्या मोटारीजवळ धावत गेलेला माणूस तरी दिसला असता का?” त्याच्याजवळ उत्तर नव्हते. त्याची वेळ रद्द झाली आणि त्याला सर्वांत शेवटी उभे राहण्याचा हुकूम झाला. दोन वर्षांची बचत त्या एका क्षणात मागच्या रांगेत गेली. त्याच्याच पुढे एका मोठ्या घरचा मुलगा याच कारणासाठी शिक्षा घेऊन बाहेर पडला होता. मोटारीत कोण बसणार हे पैसा ठरवितो, ही गोष्ट खरीच. पण एकदा बसल्यावर झेंडा सर्वांना सारखा असतो, हेही आम्ही पाहिले.

ते झेंडे धरणारे मार्शल बहुधा स्वयंसेवक असतात. उन्हात दिवसभर उभे राहतात, मोटार उलटली तर सर्वांत आधी तेच धावतात. बक्षीस समारंभाच्या छायाचित्रात ते कोठेच नसतात.

धोका खोटा नाही

इतकी काळजी घेऊनही हा खेळ जीव घेतो, हे लपविण्यात अर्थ नाही. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईजवळच्या मैदानावर ५९ वर्षांचे अनुभवी चालक के. ई. कुमार यांच्या मोटारीची दुसऱ्या मोटारीशी टक्कर झाली. त्यांची मोटार मैदानाबाहेर जाऊन उलटली. शर्यत ताबडतोब थांबविण्यात आली, पण ते वाचू शकले नाहीत.

रविवार : शेवटून पहिला

रविवारी पाच लाल दिवे एकदम विझले आणि मोटारी सुटल्या. आमचा तरुण सर्वांत मागे होता. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत त्याने तीन मोटारी मागे टाकल्या. मग पुन्हा पिवळा झेंडा निघाला. पुढची मोटार हाताच्या अंतरावर होती, पण त्याने पाय उचलला आणि वळण संपेपर्यंत मागेच राहिला. ती मोटार नंतर त्याला गाठता आली नाही. बक्षीस मिळाले नाही. मोटार धडधाकट परत आली म्हणून अण्णाने मात्र त्याची पाठ थोपटली.

घरच्यांसाठी दोन शब्द

२०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातात मेली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. मोटारीचा वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाने एका सेकंदात सुमारे २८ मीटर रस्ता मागे पडतो. मैदानावर हे सांभाळायला पट्टे, तपासनीस, झेंडेवाले आणि सज्ज रुग्णवाहिका असते. आपल्या हमरस्त्यावर यांतले काहीही नसते. तेथे असते ती शाळेतून परतणारी मुले आणि डोक्यावर ओझे घेतलेली बाई.

तेव्हा घरातील मुलाला वेगाचे वेड असेल तर त्याला नुसते रागावू नये. गो-कार्टिंगचे मैदान कोल्हापुरातही आहे, तेथे कमी खर्चात सुरुवात करता येते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः मोटार बनवून उतरण्याची ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा याच कारी मैदानावर भरत आली आहे. आयटीआय शिकलेल्या हातांना शर्यतीच्या संघांत काम असते. आणि खिशात पैसे नसतील तर मार्शल होण्याचे शिक्षण घेता येते. खेळ जवळून शिकण्याचा तो उत्तम मार्ग होय.

मात्र एक गोष्ट त्याला बजावून सांगावी. वेगात जाणे यंत्राच्या हाती असते, आणि वेळेवर पाय उचलणे माणसाच्या. रस्त्यावर पिवळा झेंडा दाखवायला कोणी उभे नसते. तो ज्याचा त्याने मनात बाळगावा लागतो.