मिशांच्या ठिपक्यांवरून पटते गीरच्या सिंहांची ओळख

गुजरातमधील सौराष्ट्रात मे २०२५ मध्ये झालेल्या गणनेत आशियाई सिंहांची संख्या ८९१ असल्याचे आढळून आले. २०१५ मध्ये ही संख्या ५२३, तर २०२० मध्ये ६७४ होती. ताज्या गणनेत १९६ प्रौढ नर, ३३० प्रौढ माद्या, १४० अर्धवयस्क सिंह आणि २२५ छाव्यांची नोंद झाली. अकरा जिल्ह्यांतील सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात हे सिंह विखुरलेले आहेत. त्यांपैकी ५०७ सिंह गीर राष्ट्रीय उद्यान व अभयारण्याच्या सीमेबाहेर आढळले.

संख्येतील ही वाढ दिलासा देणारी आहे. मात्र संवर्धनाच्या दृष्टीने ‘सिंह किती’ या प्रश्नाइतकाच ‘हा सिंह कोणता’ हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. एकच सिंह दोनदा मोजला गेला नाही ना, गेल्या वर्षीचे छावे आज हयात आहेत का, एखाद्या रोगाची लागण झाल्यास ती कोणकोणत्या कळपांपर्यंत पोहोचली असेल, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक सिंहाची स्वतंत्र ओळख पटल्याखेरीज मिळू शकत नाहीत.

ओळख पटवण्याची पद्धत

वाघाच्या अंगावरील पट्टे किंवा बिबट्याच्या अंगावरील ठिपके प्रत्येक प्राण्यात वेगळे असतात. त्यामुळे छायाचित्रावरून त्यांची ओळख पटवणे तुलनेने सोपे ठरते. प्रौढ सिंहाच्या अंगावर अशी ठळक नक्षी नसते. या अडचणीवर सी. जे. पेनीक्विक आणि जे. रुडनाई या संशोधकांनी केनियातील नैरोबी राष्ट्रीय उद्यानात केलेल्या अभ्यासातून मार्ग काढला. त्यांची पद्धत १९७० मध्ये प्रसिद्ध झाली.

सिंहाच्या वरच्या ओठावर, दोन्ही गालांकडील बाजूंना, मिशांचे केस ओळींनी उगवतात. या केसांच्या मुळाशी काळसर ठिपके असतात. सर्वांत वरच्या ओळीत ठिपके मोजकेच असतात. त्यांच्या खालच्या ओळीतील ठिपक्यांच्या तुलनेत वरचा प्रत्येक ठिपका नेमका कोठे आहे, याची नोंद केली जाते. डाव्या आणि उजव्या बाजूची रचना सारखी नसते. त्यामुळे दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकत्र पाहिली असता दोन सिंहांमध्ये गल्लत होण्याची शक्यता अत्यल्प राहते. विशेष म्हणजे ही रचना आयुष्यभर बदलत नाही.

भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ वाय. व्ही. झाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत गीरमध्ये वापरली. ठिपक्यांच्या जोडीला कानांच्या कडांवरील खाचा, चेहऱ्यावरील जखमांचे व्रण, शेपटीच्या गोंड्यातील वैगुण्य अशा खुणाही टिपल्या जातात. मात्र या खुणा कालांतराने बदलतात. नवी झुंज झाली की नवा व्रण उमटतो. म्हणून ठिपके हाच ओळखीचा मुख्य आधार मानला जातो. अलीकडच्या काळात ही तुलना संगणकाद्वारे करण्यासाठी गुजरात वनविभागाकरिता ‘सिंबा’ ही संगणक प्रणालीही विकसित करण्यात आली आहे.

माग काढण्याचे काम

छायाचित्र घेण्यासाठी आधी सिंह सापडणे आवश्यक असते. गीरमध्ये हे काम वनरक्षक आणि माग काढण्यात निष्णात असलेले स्थानिक कर्मचारी करतात. पहाटेच्या सुमारास धुळीच्या वाटेवरील ताजे ठसे, रात्री ऐकू आलेली गर्जना, चितळ आणि वानरांचे इशाऱ्याचे आवाज, तसेच मालधारी पशुपालकांकडून मिळणारी माहिती यांच्या आधारे ते सिंहांपर्यंत पोहोचतात. ठशांवरून सिंह कोणत्या दिशेने गेला हे समजते, परंतु तो नेमका कोणता सिंह आहे हे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी चेहऱ्याचे बाजूने घेतलेले स्पष्ट छायाचित्र लागते. गीरचे सिंह माणसाच्या वावराला बऱ्याच प्रमाणात सरावलेले असल्याने असे छायाचित्र मिळणे शक्य होते.

सिंहांच्या हालचाली टिपण्यासाठी रेडिओ कॉलरचाही उपयोग होतो. गीरमध्ये १९८० च्या दशकात रवी चेल्लम यांनी आपल्या संशोधनासाठी अशा कॉलर वापरल्या होत्या. २०१९ मध्ये वनविभागाने जर्मनीहून ७५ कॉलर मागवल्या. कॉलरमुळे सिंहाचा ठावठिकाणा कळतो. तो कोणाच्या सहवासात आहे, हे समजण्यासाठी मात्र प्रत्यक्ष निरीक्षणाला आजही पर्याय नाही.

गीरमधील कळपांचे वेगळेपण

सिंहांच्या कळपाचे प्रचलित चित्र आफ्रिकेतील, विशेषतः टांझानियातील सेरेंगेटीच्या अभ्यासावर आधारलेले आहे. तेथे परस्परांशी रक्ताचे नाते असलेल्या माद्या, त्यांचे छावे आणि काही प्रौढ नर असा कळप असतो. गीरमध्ये परिस्थिती वेगळी आहे. येथील माद्या लहान गटांनी राहतात आणि प्रौढ नर त्यांच्यापासून स्वतंत्रपणे वावरतात. मीलनाच्या काळात किंवा एखादी मोठी शिकार झाली असता ते एकत्र येतात. गीरमधील प्रमुख भक्ष्य असलेले चितळ आकाराने लहान असते. एका चितळावर मोठ्या कळपाची भूक भागत नाही, हे यामागील एक कारण मानले जाते.

नर बहुधा दोन किंवा अधिक जणांची युती करून आपल्या क्षेत्राचे रक्षण करतात. स्तोत्र चक्रवर्ती आणि झाला यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, या युतीतील लाभ समान वाटले जात नाहीत. मीलनाच्या ७० टक्क्यांहून अधिक संधी वरचढ नराला मिळतात आणि शिकारीतील मोठा वाटाही त्याच्याकडेच जातो. तरीही दुसरा नर युती सोडत नाही, कारण एकट्या नराला क्षेत्र राखणे अवघड जाते.

नव्या नरांनी क्षेत्र ताब्यात घेतल्यास ते आधीच्या नरांचे छावे मारतात, ही गोष्ट आफ्रिकेतही दिसून आली आहे. छावे गमावलेली मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती वाढवण्याची संधी मिळते. गीरमधील एका मादीच्या वावराच्या क्षेत्रात अनेकदा नरांच्या एकाहून अधिक युत्या असतात. चक्रवर्ती आणि झाला यांच्या २०१९ मधील अभ्यासात असे दिसून आले की, येथील माद्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी असलेल्या नरांशी मीलन करतात. त्यामुळे छावे कोणाचे याविषयी नरांमध्ये संभ्रम राहतो आणि छाव्यांचा बचाव होतो. प्रत्येक सिंह चेहऱ्याने ओळखता येत असल्यामुळेच हा निष्कर्ष काढता आला.

रोगाच्या काळात ओळखीचे मोल

ही माहिती केवळ अभ्यासकांच्या कुतूहलापुरती मर्यादित नाही. १९९४ मध्ये सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगामुळे सुमारे एक तृतीयांश सिंह मृत्युमुखी पडले. तेथील सिंहांची स्वतंत्र नोंद १९६० च्या दशकापासून ठेवली जात असल्याने हानीचे स्वरूप स्पष्ट होऊ शकले. गीरच्या पूर्व भागातील दलखाणिया परिक्षेत्रात सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये काही आठवड्यांतच २३ सिंहांचा मृत्यू झाला. त्यांपैकी काहींमध्ये याच विषाणूचा संसर्ग आढळला. त्यानंतर परिसरातील सिंहांना विलगीकरणात ठेवण्यात आले आणि अमेरिकेहून लस मागवण्यात आली.

अशा वेळी कोणता सिंह कोणत्या शिकारीवर कोणाबरोबर होता, कोणत्या नराचा वावर किती मादी-गटांत आहे, याची नोंद हाताशी असल्यास कोणाला वेगळे ठेवायचे आणि कोणाला आधी लस द्यायची हे ठरवता येते. नरांचा वावर अनेक गटांत असल्याने संसर्ग एका गटातून दुसऱ्या गटात जाण्याचा धोका असतो.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवण्याचा आदेश दिला होता. हे स्थलांतर अद्याप झालेले नाही. कुनोत २०२२ मध्ये आफ्रिकेतील चित्ते आणण्यात आले. दरम्यान, पोरबंदरजवळील बरडा अभयारण्यात २०२३ मध्ये एक नर स्वतःहून पोहोचला आणि २०२५ च्या गणनेत तेथे छाव्यांसह १७ सिंहांची नोंद झाली. तरीही जगातील सर्व वन्य आशियाई सिंह आजही सौराष्ट्र या एकाच प्रदेशात आहेत. २०२५ मध्ये मोजलेल्या २२५ छाव्यांपैकी किती प्रौढ झाले, हे पुढील काही वर्षांत मिशांच्या ठिपक्यांच्या नोंदींवरूनच समजू शकेल.