ऑर्किडसाठी दिवा घेताय? आधी झाडाला विचारा, मग दुकानदाराला



गेल्या वर्षी आमच्या गटातल्या चौघींनी मिळून ऑर्किडची रोपं वाढवायचं ठरवलं. जागा म्हणजे घरामागची आठ बाय सहाची खोली, पूर्वी लाकडं ठेवायची. खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. आमच्याकडे कोकणात पावसाळ्याचे चार महिने दुपारीसुद्धा आत दिवा लावावा लागतो. तेव्हा रोपांना दिवा लागणार हे सगळ्यांनाच पटलं. एकीने मोबाईलवर जाहिरात दाखवली, "झाडांचा खास दिवा, 1000 वॅट". जांभळा उजेड, झाडं कशी टवटवीत! अंतर्गत कर्जाचा ठराव झाला, इतिवृत्तात सह्या झाल्या आणि दिवा आला.

पुढे काय झालं ते सांगते. जांभळ्या उजेडात सगळीच पानं काळपट दिसतात. पानावर पाणी भरल्यासारखे ठिपके पडून सड लागली होती, ती आमच्या डोळ्यांना दिसलीच नाही. खिडकीशी नेऊन बघितलं तेव्हा उशीर झाला होता. तीस रोपांतली नऊ गेली. रोपं गेली तरी कर्जाचा हप्ता कुठे जातो? तो अजून चालू आहे. म्हणून हे लिहायला बसले, निदान दुसऱ्या गटाचे पैसे तरी वाचावेत.

डोळा फसवतो

खोलीत ट्यूबलाईट लावली की आपल्याला लख्ख वाटतं. झाडाला ते लख्ख नसतं. उजेड मोजायचं माप असतं, त्याला लक्स म्हणतात. भर दुपारचं उघड्यावरचं ऊन साधारण एक लाख लक्स भरतं. रात्री ट्यूब लावलेल्या आपल्या खोलीत जेमतेम दीडदोनशे लक्स असतात. आपला डोळा दोन्हीकडे जुळवून घेतो, म्हणून एवढा फरक आपल्याला जाणवत नाही.

ऑर्किडच्या जातीजातीत फरक आहे. फॅलेनॉप्सिस, म्हणजे रुंद पानांचं, फुलपाखरासारख्या फुलांचं ऑर्किड, याला दहा ते पंधरा हजार लक्स पुरतात. डेंड्रोबियमला याच्या दुप्पट लागतो. व्हॅंडाला तर त्याहून जास्त. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. खोलीत दिव्याखाली वाढवायचं तर फॅलेनॉप्सिस घ्या. डेंड्रोबियम अंगणात शेडनेटखाली ठेवा, तिथे सूर्य फुकट उजेड देतो. ज्याला ऊन लागतं त्याला खोलीत कोंडून वीज जाळण्यात शहाणपण नाही.

लक्स मोजायचं मोफत अ‍ॅप मोबाईलवर मिळतं. पान जिथे असेल तिथे मोबाईल उताणा ठेवायचा आणि आकडा बघायचा. अगदी काटेकोर नसतो, पण दोन हजार आहे की दहा हजार एवढं नक्की कळतं. मोबाईल नसेल तर हाताची सावली बघा. पानाच्या वर फूटभर हात धरा. सावली दिसलीच नाही तर उजेड कमी. सावली फिकट, कडा पुसट दिसली तर फॅलेनॉप्सिसला ठीक. सावली गडद आणि रेखीव पडली तर उजेड कडक आहे.

जांभळा दिवा की साधी पांढरी ट्यूब?

झाड लाल आणि निळा उजेड जास्त वापरतं, हे खरं आहे. म्हणून जांभळे दिवे निघाले. पण पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा असतो, लाल असतो, हिरवाही असतो आणि झाड तो सगळाच थोडाफार वापरतं. साध्या पांढऱ्या ट्यूबखाली फॅलेनॉप्सिस छान वाढतं. शिवाय पांढऱ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसतो. रोग, कीड, पिवळेपणा वेळेवर कळतो. आमची नऊ रोपं एवढ्यासाठीच गेली.

आणि ते "1000 वॅट"? दिव्यामागची बारीक अक्षरं वाचली तर खरा वीजवापर शंभर वॅट होता. हजार वॅट हा आकडा नुसता जाहिरातीचा. खरंच हजार वॅट ओढत असता तर बारा तासांत बारा युनिट, महिन्याला 360 युनिट झाले असते. बिल बघून घरच्यांनी आपल्यालाच बाहेर काढलं असतं!

दुकानात काय विचारायचं

1. खरे वॅट किती? खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले नकोत, दिव्यावर छापलेले बघा.

2. ल्युमेन किती? दिवा एकूण किती उजेड टाकतो त्याचं हे माप. चांगल्या एलईडीत एका वॅटला शंभराच्या आसपास ल्युमेन मिळतात. म्हणजे 20 वॅटच्या चार फुटी ट्यूबला 2000 ल्युमेन. वॅट तेवढेच आणि ल्युमेन कमी असतील तर वीज वाया जाते.

3. केल्व्हिन किती? हा उजेडाचा रंग. 4000 ते 6500 मधला पांढरा उजेड घ्या. पिवळसर, 2700 चा, घरात छान दिसतो, पण इथे नको.

4. बीआयएसचं चिन्ह आहे का? गॅरंटी किती वर्षांची? पक्कं बिल घ्या आणि गटाच्या फाईलला लावून ठेवा.

लावायचा कसा

आता आमच्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद अशी एक फळी आहे. तिच्यावर 20 वॅटच्या चार पांढऱ्या ट्यूब शेजारी शेजारी लावल्या आहेत. पानाच्या शेंड्यापासून एक वीत उंचीवर. अ‍ॅपवर मधोमध दहा हजाराच्या आसपास आकडा येतो, कडेला कमी. म्हणून दर आठवड्याला कडेच्या कुंड्या मध्ये आणि मधल्या कडेला सरकवतो. ट्यूब वर नेली की उजेड भराभर कमी होतो. छताला लावलेली ट्यूब झाडाच्या काही कामाची नाही. फळीच्या मागे पांढरा रंग दिला की वाया जाणारा उजेड परत पानांवर येतो.

दिवा रोज बारा तास. चोवीस तास लावला तर झाड लवकर वाढेल असं वाटतं, पण तसं नाही. फॅलेनॉप्सिस रात्री अंधारात पानांची छिद्रं उघडून हवा आत घेतं आणि दिवसा उजेडात तिचं अन्न करतं. अंधार मिळाला नाही तर त्याचं कामच अडतं. प्लगला लावायचा टायमर मिळतो. तो बसवला की कुणी विसरायला नको. नवीन रोपं आणली तर पहिल्या आठवड्यात आठ तास, मग हळूहळू वाढवा.

पाणी आणि वीज एकाच खोलीत आहेत, हे विसरू नका. अर्थिंग तपासून घ्या. स्विच पाणी उडणार नाही असा ठेवा. फवारणीआधी दिवा बंद करा, ओल्या हाताने हात लावू नका. वायरमनकडूनच जोडणी करून घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

पान बोलतं, ऐका

पान पोपटी हिरवं आणि ताठ असेल तर उजेड बरोबर आहे. काळपट हिरवं, लांबट, लोंबतं असेल तर उजेड कमी. पिवळट किंवा लालसर झांक आली तर जास्त. भाजल्यासारखा डाग पडला तर दिवा फार जवळ आहे, दोन बोटं वर घ्या. पानाला हात लावून बघा, गरम लागता कामा नये. खोलीत छोटा पंखा हळू फिरता ठेवा, सड कमी होते.

एक गोष्ट आम्हालाही उशिरा कळली. नुसत्या दिव्याने फूल येत नाही. फॅलेनॉप्सिसला दांडा फुटायला काही आठवडे गारवा लागतो. सतत 28 अंशांच्या वर राहिलं तर झाड पानंच काढत बसतं. म्हणून थंडीत रात्री खिडकी उघडी ठेवायची. गिऱ्हाइकाला फुलाची तारीख कबूल करण्याआधी हे ध्यानात घ्या.

हिशोब

चार ट्यूब म्हणजे 80 वॅट. बारा तासांचे 960, म्हणजे रोज जवळजवळ एक युनिट. महिन्याला 29 युनिट. समजा युनिटला आठ रुपये पडतात, तर महिन्याला साधारण 230 रुपये. तीस रोपांवर वाटले तर रोपामागे पावणेआठ रुपये. दहा महिने सांभाळलं तर एका रोपाच्या किमतीत विजेचेच 77 रुपये बसतात. त्यात रोप, कुंडी, कोळसा, नारळाची सोडणं, खत, आपली मजुरी आणि मेलेल्या रोपांचा तोटा धरायचा. मग भाव ठरवायचा. तुमच्या बिलावरचा दर बघून हाच हिशोब करा. आणि हो, युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, तोही बघा. हिशोबात भाव बसत नसेल तर दिवा घेऊच नका. अंगणातल्या शेडनेटला वीज लागत नाही.

शेवटी एक विनंती. रानातल्या झाडांवरची सीतेची वेणी किंवा दुसरं कुठलंही ऑर्किड तोडून आणू नका. लोक त्याला बांडगूळ म्हणतात, पण ते झाडाचा रस शोषत नाही, नुसतं फांदीवर बसतं. ते रानातच राहू दे. विक्रीसाठी रोपवाटिकेतलीच रोपं घ्या.

आमची एकवीस रोपं आता साध्या ट्यूबखाली आहेत आणि नवी पानं निघाली आहेत. जांभळा दिवा कपाटावर पडून आहे. बैठकीत कुणी महागडी वस्तू सुचवली की आम्ही त्याच्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो, "खरे वॅट किती गं?" तुमच्या गटातही ठरावावर सही करण्याआधी एवढं विचारा.