हँडलपुढच्या टोपलीचा प्रवास

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्या काळात बहुतेक सायकलींना पुढे टोपली नव्हती. कारखान्यात, कचेरीत जाणाऱ्यांची काळी, दांडीची सायकल असे आणि तिचे ब्रेक सळईचे. हँडलच्या पुढून त्या सळया खाली चिमट्याकडे उतरत, त्यामुळे टोपली बसवायची म्हटलं तरी जागा कुठे होती? डबा मागच्या कॅरिअरला आणि भाजीची पिशवी हँडलला, अशी सगळ्यांची वाटणी ठरलेली. पिशवी जड झाली की गुडघ्यावर आपटायची, आणि वळताना ती चाकाच्या तारांत जाते की काय अशी धाकधूक असायची.

टोपली रुळली ती लेडीज सायकलबरोबर. नव्वदच्या दशकात बीएसए लेडीबर्डसारख्या सायकली शाळा-कॉलेजांच्या स्टँडवर रांगेनं दिसू लागल्या. तारेचे ब्रेक, खाली वाकलेली नळी आणि पुढे जाळीची टोपली. ही टोपली मागून पट्ट्यांनी हँडलला आवळलेली असे, आणि खालून दोन सळया पुढच्या चाकाच्या आसापर्यंत जाऊन नटाखाली दाबलेल्या असत. दिसायला अगदी साधं काम, पण हिशेब पक्का होता. ओझं हँडलवर लोंबकळत नसे, थेट आसावर उतरत असे. वह्या, डबा, रेनकोट, वर मेथीची जुडी, सगळं मुकाट्यानं वाहिलं तिनं.

त्रासही होताच. डायनमोचा दिवा टोपलीमागे झाकला जायचा. जोडांवर गंज धरायचा, सळईचा नट सैल झाला की रस्ताभर खडखडाट. कॉलेजच्या स्टँडवर शेजारच्या सायकलचा ब्रेक जाळीत असा काही अडकायचा की दोन्ही सायकली मिळून ओढाव्या लागत. सायकल नुसती उभी केली तरी कुणीतरी त्यात शेंगांची टरफलं टाकून जायचं. हा स्वभाव शहराचा, टोपलीचा नव्हे. खरी अडचण मंडईत कळायची. टोपली सायकललाच खिळलेली, म्हणजे आतलं सामान सोडून जाता येत नाही. ते पिशवीत काढा, पिशवी घेऊन मंडईत फिरा, परत येऊन पुन्हा रचा. मग पिशवीच बरी, असं म्हणत कितीतरी जणींनी टोपलीचा वापर फक्त दप्तरापुरता ठेवला.

पुरुषांनी तर तिला हातही लावला नाही. टोपलीची सायकल म्हणजे बायकांची, हे कुणी शिकवावं लागलं नाही. तिकडे जपानात सुटाबुटातले नोकरदार टोपलीच्या सायकलवरून स्टेशन गाठतात. आपल्याकडे मात्र पाठीला सॅक लावून शर्ट घामानं भिजवण्यात कमीपणा वाटला नाही.

पुढे गिअरच्या सायकली आल्या आणि मडगार्ड, कॅरिअर, स्टँड एकेक करून गेले. टोपलीचा तर प्रश्नच नव्हता. सायकल व्यायामाची झाली. तिच्यावरून दळण आणायचं, ही कल्पनाच मागे पडली. डिसेंबर 2017 मध्ये औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली सुरू झाल्या, तेव्हा टोपली पुन्हा रस्त्यावर दिसू लागली, तीही मुलगे-मुली सगळ्यांच्याच हँडलपुढे. त्या योजना फार टिकल्या नाहीत; ओफो ही कंपनी तर 2018 मध्येच देशातून बाहेर पडली. पण टोपलीची लाज थोडी कमी झाली, असं मला वाटतं. त्याच वर्षी 23 मार्चला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि सामान कशातून न्यायचं हा प्रश्न घरोघरी पुन्हा उभा राहिला.

गेल्या काही वर्षांत काढता-घालता येणारी टोपली सहज मिळू लागली आहे. तिचं वेड मूळचं युरोपातलं. जर्मनीच्या रिक्सेन अँड काउल कंपनीचा ‘क्लिकफिक्स’ अडकवा तिकडे घरोघरी माहीत आहे: हँडलवर एक छोटा ठोकळा कायमचा बसवायचा, टोपली त्यात खटकन बसते, बटण दाबलं की निघते. कडी हातात धरून सरळ दुकानात शिरायचं. मंडईतली जुनी अडचण अशी एका बटणानं सुटली.

पण टोपली सुटी झाली, त्याबरोबर आसापर्यंतच्या त्या दोन सळयाही गेल्या. आता सगळा भार हँडलच्या गोल नळीवर. गतिरोधकावर दरवेळी दणका बसतो आणि पकड कच्ची असेल तर ठोकळा हळूहळू खाली फिरतो, टोपली नाक खुपसून टायरला टेकते. यासाठीच क्लिकफिक्समध्ये एक पोलादी तार असते. ती हँडलच्या दांड्याखालून वळसा घालून आवळायची, म्हणजे ठोकळा जागचा हलत नाही. स्वस्त नकलांत नेमकी ही तारच गाळलेली असते, नुसती रबराची पट्टी देतात. हँडलची जाडीही पाहावी लागते. नेहमीचा अडकवा 22 ते 26 मिलिमीटरच्या नळीवर बसतो. नव्या सायकलींचं हँडल मध्यभागी बहुधा 31.8 मिलिमीटर असतं, त्याला वेगळा घ्यावा लागतो.

लंडनच्या ब्रॉम्प्टन कंपनीनं याहून शहाणपणा केला. तिच्या घडीच्या सायकलची पिशवी हँडलला नाही, सांगाड्याच्या पुढच्या नळीला अडकते. म्हणून हँडल वळलं तरी ओझं वळत नाही, आणि 10 किलोपर्यंत भार चालतो. हँडलवरच्या क्लिकफिक्सला मर्यादा 7 किलोची. हँडलवर भार असला की बाजूच्या स्टँडवर उभी सायकल हँडल फिरवून आडवी पडते. डच सायकलींना त्यासाठी चिमटा आणि सांगाडा यांच्यामध्ये एक स्प्रिंग असते, पण आपल्याकडच्या सायकलींना ती सहसा नसते. तेव्हा सुटी टोपली लावणाऱ्यानं डबल स्टँडही लावावा.

खरेदीला जाल तेव्हा टोपलीचा रंग आणि विणकाम नंतर पाहा. आधी अडकवा मागून घ्या, तार आहे का ते बघा आणि तो तुमच्याच सायकलच्या हँडलवर बसवून मागा. पाच किलो कणकेची पिशवी आत ठेवून हँडल दोन्हीकडे पुरतं वळवा. ब्रेकच्या तारा दबतात का, दिवा झाकतो का, ते तिथेच कळेल. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान गाठा. आणि भार सात किलोच्या वर नेहमीच जाणार असेल, तर सुटी टोपली घेऊच नका. सळयांची जुनी टोपली अजूनही मिळते आणि ती स्वस्तही पडते.