गाठ क्षयाशी

आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जगापुढे मांडला तो २४ मार्च १८८२ रोजी. म्हणजे पेनसिल्व्हेनियात डॉक्टर होऊन परतलेल्या या मुलीला ज्या रोगाने नेलं, त्याचं कारण तोवर ठाऊक झालेलं होतं. औषध मात्र नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला १९४३ उजाडावं लागलं. जंतू सापडणं निराळं आणि रोग उमगणं निराळं, हे क्षयाइतकं दुसऱ्या कुठल्या रोगाने दाखवून दिलं असेल असं मला वाटत नाही.

घटसर्पाचा किंवा पटकीचा जंतू विष सोडतो. ते विष पेशी निकामी करतं, नाहीतर आतड्यातून पाणी वाहवून नेतं. रोग कसा होतो हे तिथे सरळ दिसतं. क्षयाचा जिवाणू अशा विषावर विसंबून नाही. त्याला घाईसुद्धा नाही. आतड्यातला साधा जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला त्यासाठी जवळपास वीस तास लागतात. तरीही २०२३ या एका वर्षात जगात सुमारे साडेबारा लाख माणसं क्षयाने दगावली, आणि नव्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा एकट्या भारतात होता.

रुग्ण खोकतो तेव्हा उडालेले सूक्ष्म थेंब हवेतच सुकतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. त्यातला एखादा कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी तळाच्या वायुकोशात पोचला, की तिथली महाभक्षक पेशी त्याला गिळते. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत राहतो, आम्ल आणि पाचक द्रव्यांनी भरलेली दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतू विरघळतो, असा नेहमीचा क्रम. क्षयाचा जिवाणू हे मिळणंच अडवतो. त्याचं मेणचट कवच सहजी पचत नाही, आणि पिशवीला भोक पाडणारी प्रथिनंही त्याच्याजवळ असतात. जी पेशी त्याला मारायला आली, तिच्यातच तो घर करतो.

शरीराला जाग येते ती उशिरा. जंतूचे अंश लसीका ग्रंथींपर्यंत पोचून त्याला ओळखणाऱ्या टी पेशी तयार व्हायलाच काही आठवडे जातात. हातावरची ट्युबरक्युलिन चाचणीही संसर्गानंतर साधारण तीन ते आठ आठवड्यांनीच उठते. मग टी पेशी फुप्फुसात येतात, गॅमा इंटरफेरॉन सोडतात, आणि सुस्तावलेल्या महाभक्षक पेशींना मारण्याचं बळ येतं. जंतूभोवती पेशींचे थर रचले जातात, गाठ बनते. बहुतेकांची गोष्ट इथेच थांबते. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग झालेला असावा असा अंदाज आहे, पण त्यांतल्या ५ ते १० टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो.

ही गाठ किती मोलाची आहे हे ती सैल पडते तेव्हा कळतं. सांधेदुखीवर इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध आलं. सूज वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला ते रोखतं. २००१ साली या औषधानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, आणि अनेकांत तो फुप्फुसाबाहेरही पसरला होता. टीएनएफ रोखलं की गाठी टिकत नाहीत. एचआयव्हीत टी पेशीच घटतात. आणि गॅमा इंटरफेरॉनच्या वाटेत जन्मजात दोष असलेल्या बाळांत बीसीजीच्या लशीतला दुबळा जिवाणूही अंगभर पसरू शकतो.

इथवर वाचून वाटेल, प्रतिकार जितका जास्त तितका माणूस सुरक्षित. क्षयात तसं होत नाही. गाठीचा गाभा मरून भुसभुशीत, खव्यासारखा होतो. जंतूवर चालून आलेल्या आपल्याच पेशींची विकरं फुप्फुसाचा सांगाडा विरघळवतात, गाठ श्वासनलिकेत फुटते आणि पोकळी तयार होते. तिथे प्राणवायू भरपूर, त्यामुळे जिवाणू कोट्यवधींनी वाढतात आणि बेडक्यातून बाहेर पडतात. एचआयव्ही बळावलेल्या रुग्णात ही पोकळी सहसा होत नाही. क्ष-किरण चित्र कधी चक्क स्वच्छ दिसतं. असा रुग्ण स्वतः मोठ्या धोक्यात असतो, पण दुसऱ्याला संसर्ग तुलनेने कमी देतो. जिवाणूला पुढच्या माणसापर्यंत जायचं तर आपला प्रतिकार हवाच असतो. २०१० साली जगभरातल्या २१ वाणांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा टी पेशी जंतूचे जे तुकडे ओळखतात तेच सर्वांत कमी बदललेले आढळले. फ्लूचा विषाणू ओळख टाळायला रूप बदलत राहतो. क्षयाच्या जिवाणूचं ओळखलं जाण्यातच हित असावं. क्षयाबद्दल वाचलेल्या साऱ्या गोष्टींत मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे.

लशीचं घोडं अडतं ते इथेच. कॅल्मेट आणि गेराँ यांनी गायीच्या क्षयाचा जिवाणू तेरा वर्षं पुन्हापुन्हा वाढवून दुबळा केला, आणि १९२१ साली बीसीजी प्रथम बाळाला दिली. मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून ती लहान मुलांना आजही वाचवते आणि म्हणून ती द्यायलाच हवी. पण तमिळनाडूत चिंगलपेटला १९६८ साली सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिलं नाही. २०१३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या बाळांवर तपासलेल्या एका नव्या लशीने टी पेशी जागवल्या, तरी क्षय थांबला नाही. एम७२ ही लस मात्र आधीच संसर्ग झालेल्या प्रौढांत सुमारे निम्म्या जणांचा रोग टाळते असं दिसलं आहे. तिची मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली.

औषधांपूर्वी उपाय होता तो हवा, विश्रांती आणि आहाराचा. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामं त्यासाठीच उभी राहिली. १९५६ मध्ये मद्रासला वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या गरीब घरांतच ठेवून तीच औषधं दिली. घरी राहिलेल्यांचं जेवण निकृष्ट होतं, तरी एका वर्षाने दोन्ही गटांचे निकाल जवळपास सारखेच आले. त्यातून जगभर घरी उपचाराची पद्धत रूढ झाली, आणि तो निर्णय योग्यच होता. पण त्याबरोबर अन्नाचा प्रश्न मागे पडला, हे नुकसान झालं. उपाशी शरीरात टी पेशी कमी होतात, त्यांचं बळ घटतं आणि वर्षानुवर्षं टिकलेल्या गाठी उघडू लागतात. जिवाणू मारायला औषध पुरतं. रोग होऊ न देण्याचं काम शरीरालाच करावं लागतं.

याचा नीट पुरावा २०२३ मध्ये झारखंडातून आला. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या चमूने २,८०० रुग्णांच्या घरांत शिधा दिला. काही गावगटांत तो फक्त रुग्णाला होता आणि काहींत घरातल्या प्रत्येकालाही: मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. घरच्यांतला नवा क्षय या दुसऱ्या गटात सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि बेडक्यात जंतू सापडणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. तांदूळ-डाळीला जे साधलं ते अजून कुठल्याही मान्य लशीला प्रौढांत साधलेलं नाही. रुग्णाला पोषणासाठी मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, हे चांगलंच झालं. पण झारखंडात क्षय टळला तो रुग्णाशेजारी झोपणाऱ्या, त्याच्याच घरात जेवणाऱ्या माणसांचा, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या वाट्याचा शिधा घरात यावा लागला होता.