बिनतारी यंत्राने ठावठिकाणा कसा कळतो?

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव नावाची एकाहून अधिक गावे आहेत. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा, बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराई व जळगाव जामोद तालुक्यातील पिंपळगाव काळे ही त्यांपैकी काही होत. संकटसमयी ‘पिंपळगावी मदत पाठवा’ एवढाच निरोप ऐकू आला, तर मदत कोठे न्यावी? नाव संदिग्ध असू शकते. अक्षांश व रेखांश मात्र मिळून एकच जागा दाखवितात. या तत्त्वावर हौशी बिनतारी संदेशकांची ‘एपीआरएस’ नावाची पद्धती उभी आहे. अमेरिकन नौदल अकादमीतील अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी १९८० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला आणि १९९२ च्या सुमारास ती प्रचारात आली.

या पद्धतीचे कार्य तीन पायऱ्यांनी चालते.

पहिली पायरी स्थान जाणण्याची. संदेशकाजवळील ग्राहकयंत्र कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून स्वतःचे स्थान काढते. लोणार सरोवर सुमारे १९ अंश ५८ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७६ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर होय. संदेशात मिनिटाचा शंभरावा भागही देतात. तो सुमारे साडेअठरा मीटर भरतो. त्यामुळे गावच नव्हे, तर गावातील आळीही सापडते.

दुसरी पायरी प्रक्षेपणाची. संदेशकाचे संकेतनाम व स्थानाचे आकडे यांचे रूपांतर दर सेकंदास १,२०० व २,२०० कंपनांच्या दोन स्वरांत होते आणि अल्पावधीत ते प्रक्षेपित केले जातात. ऐकणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या नकाशावर ते स्थान आपोआप उमटते. ‘तुम्ही कोठे आहात?’ असे विचारावे लागत नाही. सर्व केंद्रे एकाच कंपनसंख्येवर असल्यामुळे संदेश त्रोटक ठेवतात व थांबून थांबून पाठवितात. दोन केंद्रे एकाच वेळी बोलल्यास संदेश वाया जातो; पोच मागितली जात नसल्याने पुढील संदेशाची वाट पाहावी लागते.

तिसरी पायरी पुढे पोचविण्याची. या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात व डोंगर त्यांना अडवितो. घाटाखालील मलकापूरचा संदेश घाटावरील चिखलीस थेट पोचणे कठीण. परंतु घाटमाथ्यावर पुनःप्रक्षेपक असल्यास तो संदेश ऐकून पुन्हा पाठवितो. संदेश किती वेळा पुढे पाठवावयाचा, याचा आकडा त्यातच असतो. प्रत्येक वेळी तो एकाने कमी होतो व शून्य होताच संदेश थांबतो. अन्यथा एकच संदेश निरंतर घुमत राहिला असता.

किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंप झाला, तेव्हा हौशी संदेशकांनी संपर्काच्या कामी साहाय्य केले होते. दूरध्वनीचे मनोरे बंद पडले तरी बॅटरीवरील ही यंत्रे चालू शकतात, हे त्यांचे महत्त्व. मात्र सरकारी परवान्यावाचून कोणासही प्रक्षेपण करता येत नाही. तसेच असा संदेश कोणीही ऐकू शकतो, हेही विद्यार्थ्यांस सांगावे.

वर्गात हा विषय यंत्रावाचून शिकविता येतो. नकाशावरून शाळेचे अक्षांश-रेखांश काढून फळ्यावर लिहावेत. नंतर ते आकडे व ‘३’ हा अंक लिहिलेली चिठ्ठी एका मुलाने दुसऱ्यास द्यावी. प्रत्येकाने अंक एकाने कमी करून ती पुढे द्यावी. शून्य आल्यावर ज्याच्या हाती चिठ्ठी असेल, त्याने नकाशावर ती जागा दाखवावी.